मुक्काम पोस्ट पहिला देश

२ जानेवारी

आज पैज लागली. चिरंजीव माझ्या शिवणाच्या दुकानात आले, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, आई, आता पुरे. शटर ओढ कायमचं आणि माझ्याकडे राहायला ये. मागची खोली रंगवून घेतलीय. तू थकतेस आताशा. म्हटलं, थकण्याचं काम तुझ्या वडिलांनी आम्हा दोघांचं मिळून आधीच उरकलंय. माझ्या वाट्याला काही ठेवलं नाही.

सूनबाई वातावरण हलकं करायला गेली. फोनवर एक व्हिडिओ दाखवला. एक पोरगी पाठीवर पिशवी टाकून तीस दिवसांत आशियातले पाच देश फिरली, तेही स्वस्तात. मी म्हटलं, हात्तिच्या, यात काय एवढं! चिरंजीव हसले. फार हसले. तिथेच लागली.

अटी: पाच देश, तीस दिवस, मदतीसाठी घरी एकही फोन नाही. जमलं तर दुकान बंद करायची भाषा पुन्हा नाही. नाही जमलं तर मागची खोली. सूनबाईची अट वेगळीच. एकटीनं जायचं नाही, तिच्या आईला न्यायचं. म्हणजे आमच्या विहीणबाई. पोस्टातून रिटायर. चष्म्याला दोरी. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे तीनतीनदा बघतात. साक्षीदारही त्याच.

असो. सांभाळून नेईन बिचारीला.

६ जानेवारी

संकल्प: महिनाभर सुईला हात लावणार नाही. सुटी म्हणजे सुटी.

व्हिडिओतली पोरगी म्हणते पिशवी सात किलोच्या वर नको. माझी चौदा भरली. मी दोन पोरींएवढी अनुभवी आहे, हिशेब बरोबर आहे. दोऱ्यांचा डबा घेतला. वापरायला नाही. सोबतीला.

विहीणबाईंची पिशवी सहा किलो. बिचारीला पॅकिंग जमलेलं नाही.

८ जानेवारी

पोचलो. विमानतळावर कात्री काढून घेतली. मी त्या साहेबाला समजावलं की बाबा, ही अठरा वर्षं जुनी आहे, हिनं पॉपलिन कापताना दम लागतो, विमान काय कापणार? त्याला मराठी येत नव्हतं. त्याचं दुर्दैव.

मध्ये एका देशात विमान बदललं. दोन तास बसलो. मी म्हटलं, चला विहीणबाई, एक देश झाला. त्या म्हणाल्या, विमानतळाबाहेर कुठे गेलो? म्हटलं, जमिनीला पाय लागले ना? त्या म्हणाल्या, जमीन नव्हती ती. कार्पेट होतं.

साक्षीदार जरा कडक आहे. तर हा देश पहिला. उरले चार. सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांत सहज.

९ जानेवारी, दुपार

हॉस्टेल स्वस्त आहे. एका खोलीत आठ जण, पलंगावर पलंग. मॅनेजरच्या एका कानात डूल. त्यानं आम्हाला खालचे पलंग दिले, म्हातारपणाकडे बघून. मी वरचा मागून घेतला. चढले झटकन.

संध्याकाळ

अजून वरच आहे. उतरता येत नाही असं नाही. वरून खोली नीट दिसते. चहा विहीणबाईंनी वर दिला.

नंतर

डूलवाल्यानं शिडी आणली. आणलीच आहे तर वापरली. माणसाचं मन मोडू नये.

धडा पहिला: तरुणांना वरचे पलंग आवडतात. त्यांना ते मिळू द्यावेत.

११ जानेवारी

धबधबा बघायला गेलो. सहाशे पायऱ्या. मी तीनदा बसले, तिन्ही वेळा निसर्गासाठी.

माझ्यापुढे हॉस्टेलमधली एक पोरगी चालत होती. इतकी उंच, की मी तिचं नाव शिडी ठेवलं. तिच्या पिशवीचा उजवा पट्टा दोन टाक्यांवर लोंबकळत होता. दोन! सहाशे पायऱ्या मी त्या दोन टाक्यांकडे बघत चढले. हात शिवशिवत होते. पण संकल्प म्हणजे संकल्प.

धबधबा छान होता असं विहीणबाई म्हणतात.

१२ जानेवारी

शिडीचा पट्टा शिवून दिला. याला शिवणकाम म्हणत नाहीत, प्रथमोपचार म्हणतात. दुहेरी दोरा, उलटी टीप. आता ती पोरगी मोडेल, पट्टा मोडणार नाही. तिनं मला मिठी मारली. माझं डोकं तिच्या पोटाशी आलं.

तिच्याशी इंग्रजीत बोलायचं काम विहीणबाईंचं. माझं इंग्रजी गावच्या शाळेतलं, आणि गुरुजींचं माझ्यापेक्षा कच्चं होतं.

१४ जानेवारी

आज दुसऱ्या देशात निघायचं होतं. पण सकाळी उठून बघते तर पलंगाखाली रांग. एकाच्या पिशवीची चेन, एकाच्या पँटची मांडी, एकीच्या तंबूला भोक. शिडीनं गावभर सांगितलेलं दिसतंय. एवढ्या पोरांना उसवलेल्या अवस्थेत टाकून जायचं? यांना आया नाहीत का?

उद्या निघू.

१५ जानेवारी

तंबू हातानं होत नाही. समोरच्या गल्लीत एका म्हाताऱ्या शिंप्याचं दुकान आहे, माझ्यासारखंच शटरवालं. त्याच्या मशीनवर पाच मिनिटं बसू दे म्हणून खुणेनं विचारलं. बसले. अगंबाई! खालचा दोरा इतका सैल, की टीप नव्हे, शेवया पडत होत्या. मी बॉबिन काढून दाखवली. तो चिडला. स्वतःच्या भाषेत बरंच बोलला. मीही माझ्या भाषेत कमी पडले नाही. मग मी स्क्रू अर्धा फिरवला आणि एक टीप मारून त्याच्यापुढे धरली.

त्यानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आतून दुसरी खुर्ची आणली.

उद्या नक्की निघू.

१८ जानेवारी

विहीणबाई सकाळी पिशवी पाठीला लावूनच आल्या. म्हणाल्या, निघायचं ना? शिडीही त्याच बसनं चाललीय. माझ्या हातात एका पोराचं जॅकेट, अस्तर सगळं उघडं, टाचण्या लावलेल्या. असं टाकून कसं जाणार? म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, खोली बघून ठेवा, परवा पोचतेच. मला वाटलं, घाबरून रडतील. त्या म्हणाल्या, बरं.

गेल्या. मागे वळूनही बघितलं नाही. धीर सुटला असणार, मला दिसू नये म्हणून.

काळजी वाटते. पोस्टाबाहेरचं जग कुठे पाहिलंय त्यांनी.

२१ जानेवारी

चिरंजीवांचा फोन. त्यानं केला, मी नाही, म्हणजे अट मोडलेली नाही. विचारलं, कुठे आहेस? म्हटलं, दुसऱ्या देशाच्या वाटेवर. आवाज कसला येतोय? म्हटलं, आगगाडीचा. तो म्हणाला, आई, गाडी फारच थांबत थांबत चाललीय. म्हटलं, कोपरे आले की थांबावंच लागतं.

कॉलर लावत होते.

२३ जानेवारी

विहीणबाईंचा फोटो आला. तिसऱ्या देशातून! दुसरा झाला म्हणे. होडीच्या टोकावर उभ्या आहेत, केस सोडलेले, चष्म्याची दोरी वाऱ्यावर. मी उलट लिहिलं: वाकू नका, टोपी घाला, अनोळखी माणसाशी बोलू नका. त्यांचं उत्तर: होडी मीच चालवतेय.

चढेलपणा येतो कधीकधी घाबरलेल्या माणसाला.

२६ जानेवारी

शिंप्याची बायको दुपारी दोघांचा डबा आणते. माझ्याकडे आधी संशयानं बघायची. तिचा झगा खांद्यात झोळ मारत होता. मी तिला उभी केली, माप घेतलं, खांदा उसवून अर्धा बोट आत घेतला. आता ती मला भाजी वाढताना नवऱ्याच्या वाटीकडे बघतसुद्धा नाही.

शिंप्याशी रोज भांडण होतं. त्याचं म्हणणं, काज आधी. माझं म्हणणं, बटणाची जागा आधी. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नाही, पण मुद्दा बरोबर कळतो. आमच्या ह्यांच्याशी चौतीस वर्षं एकाच भाषेत बोलले, तरी इतकं कळलं नव्हतं.

शिडी परत आलीय, येताजाता दुकानात डोकावते. उरलेल्या देशांचा प्लॅन पक्का केला. रोज अर्धा देश.

२९ जानेवारी

निघाले! सकाळी सहालाच पिशवी उचलली (आता सोळा किलो, काही कापडं भेट आलीत). बसस्टँडवर बस उभी होती. विहीणबाई असत्या तर खिडकीवर जाऊन दहा प्रश्न विचारत बसल्या असत्या. मी सरळ चढले. खिडकीची जागा. दोन तास मस्त प्रवास. नदी दिसली, शाळा दिसली, बाजार दिसला. मग तोच बाजार पुन्हा दिसला. मग धबधब्याची पाटी. मग आमचं हॉस्टेल.

गावातल्या गावात फिरणारी बस होती.

गाव सगळं बघून झालं, हे एक बरं झालं. शिंपी मला बघून जराही चकित झाला नाही. खुर्ची होती तिथेच होती.

१ फेब्रुवारी

परतीचं विमान पाच तारखेला आहे. पाचव्या देशातून. मी पहिल्यात आहे. मधे तीन देश.

घाबरायचं कारण नाही.

२ फेब्रुवारी

डूलवाल्याला नकाशा दाखवला आणि बोटानं विचारलं, पोचेन का? त्यानं माझं बोट धरून हळूच नकाशावरून उचललं आणि टेबलावर ठेवलं.

रात्रभर झोप नाही. खरं लिहायचं तर, मागच्या खोलीत मशीन मावत नाही. रंग दाखवायला नेलं होतं तेव्हाच मी मापून आले. पट्टीनं, दोनदा. पलंग ठेवला तर मशीन नाही, मशीन ठेवलं तर दार उघडत नाही.

३ फेब्रुवारी

घरी फोन केला. मदतीसाठी नव्हे. माहितीसाठी. विचारलं, समजा, एखादी बाई पहिल्या देशात असेल आणि तिचं विमान पाचव्यातून असेल, तर साधारण काय करतात? मग तो म्हणाला, आई, मशीन थांबव आणि नीट सांग, कुठे आहेस?

थांबवलं. सांगितलं.

ओरडला नाही. तेच वाईट. तिकीट पाठवतो म्हणाला.

४ फेब्रुवारी

निघताना शिंप्यानं हात जोडले नाहीत, काही नाही. माझ्या पदराच्या काठाकडे बघितलं. टाका सुटला होता. खुणेनं म्हणाला, बस. त्यानं स्वतः मशीनवर घातला. खालचा दोरा घट्ट होता. मी शेवटचा टाका तपासला आणि मान हलवली. त्याला वाटलं, मी रडतेय. धूळ होती.

६ फेब्रुवारी

आज मुलाच्या घरी निवाडा झाला. विहीणबाई कालच परतल्या. काळ्या झाल्यात, चालताना ढेंगा टाकतात. सूनबाईला स्वतःची आई दारात ओळखू आली नाही.

चिरंजीवांनी विचारलं, साक्षीदार, बोला. विहीणबाई म्हणाल्या, मी पाच देश फिरले, ह्या एक. मी म्हटलं, कार्पेट धरलं तर दोन. त्या म्हणाल्या, कार्पेट धरायचं नाही.

मी उठून मागची खोली बघून आले. पुन्हा एकदा. भिंती होत्या तिथेच होत्या.

चिरंजीव म्हणाले, पण तू तिथे दिवसभर करायचीस काय? म्हटलं, काय करणार, फिरायचे. विहीणबाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, खोटं बोलतात. धबधब्याला तीनदा बसल्या, श्वास भात्यासारखा चालला होता. मशीनवर मात्र सकाळी आठला बसायच्या ते दिवे लागेपर्यंत. शिडी त्या गावी परत गेली होती, तिनं मला रोज कळवलं. दुपारी आडव्यासुद्धा होत नाहीत म्हणाली. शिंपी दमून आत जाऊन झोपायचा.

चिरंजीव माझ्याकडे वळले. मग हळू विचारलं, आई, खरंच नाही थकलीस? म्हटलं, थकले ना. बस शोधताना, जिने चढताना, खोटं बोलताना. शिवताना नाही थकले.

तो सूनबाईला म्हणाला, फिरवली तर हिचा दम जातो, मशीनवर बसवली तर जात नाही. मग मी हिला इथे आणून आराम कसला देणार होतो? आपटी खाऊन सगळं शिकायचं म्हणजे माझ्याच नशिबी. आणि मला म्हणाला, पैज तू हरलीस, हे लक्षात ठेव. दुकान मात्र उघड. मागच्या खोलीत तो व्यायामाची सायकल ठेवणार आहे.

थोडक्यात, पैज मी जिंकले.

विहीणबाई पुढच्या महिन्यात पुन्हा चालल्यात. मी विचारलं, मी येऊ का सांभाळायला? त्या म्हणाल्या, आधी जिना चढून दाखवा.

९ फेब्रुवारी

दुकान उघडलं. नवा झगा घालून बसले, शिंप्याच्या बायकोनं दिलेला. महिनाभर बंद शटर बघून गिऱ्हाइकं कासावीस झाली असणार. सांगायच्या गोष्टी मनात ओळीनं लावून ठेवल्या: धबधबा, बस, होडी (होडी विहीणबाईंची, पण सांगायला काय जातं).

साडेदहाला पहिलं गिऱ्हाईक आलं. दवाखान्यातल्या नर्सबाई. मी म्हटलं, या या, महिनाभर फार हाल झाले ना तुमचे? मी परदेशात होते, आशिया फिरत होते!

त्या म्हणाल्या, होय का? मला वाटलं ड्रेस झाला नाही म्हणून नेहमीसारखं शटर ओढून आत बसलाय. झाला का?

म्हटलं, उद्या या.