न दाबता मोजणे

बाबा, आज फार दमले आहे, आणि तू गेल्याला चौदा वर्षं झाली तरी हे तुलाच सांगावंसं वाटतं. माझं काम जरा विचित्र आहे. जिवंत माणसांच्या चेहऱ्यावर हाडापासून कातडीपर्यंत मांस किती जाड आहे, ते मी सोनोग्राफीच्या मशीनवर मोजते. कपाळ, गाल, हनुवटी. बेवारस कवटी सापडली की अशा आकड्यांवरून तिला चेहरा देतात. कुणाची तरी आई तो ओळखेल, एवढीच आशा. म्हणून मशीनचा प्रोब कातडीवर दाबायचा नाही, मध्ये जेलचा जाड थर ठेवायचा. पडद्यावर तो काळा पट्टा दिसतो. पट्टा नसला तर गाल दबला, आणि आकडा खोटा.

परवा कशेळीच्या गोदामात पॅकिंग करणारी एक बाई आली. बसता बसता म्हणाली, "ताई, हलक्या हातानं हां. माझ्या नणंदेचा गाल असा दाबलात, दोन दिवस दाढ ठणकली तिची. चेहरा मोजताय की आंबा पिकलाय का बघताय?" मी हसले. ती गेल्यावर जुनी चित्रं उघडली. सुरुवातीच्या अकरा बायकांच्या गालांवर पट्टाच नव्हता.

तेव्हापासून तू काम करायचास तो नारपोलीचा कापडाचा कारखाना डोळ्यांसमोरून हलत नाही. मी दहा वर्षांची, शाळा सुटल्यावर तुझ्या टेबलाशी उभी. तू कापडाच्या मीटर-मीटरच्या घड्या घालतोस, मी दुसरं टोक धरते. लवकर संपावं म्हणून ओढते. तुझा हात थांबतो. "ताणलंस ना गो? सोरलं का आकसतंय बघ ते. खोल सगला ताका."

"सगला?"

"सगला." लूमच्या एवढ्या खडखडाटातही तू आवाज चढवत नाहीस, तेच जास्त लागतं. मग विचारतोस, "असा यो एकच ना?" मी 'हो' म्हणून मान हलवते.

आज आमचं हे काम बघणाऱ्या मॅडमना सांगितलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "त्यातल्या दोघी गावी गेल्यात. सगळं काम लांबणार आता. अकराच ना?" बाराव्या बाईच्या चित्रात पट्टा होता, पण केसाएवढा. मी तिला चांगल्यात धरलं होतं. "बारा," मी म्हणाले. उद्यापासून एकेकीला फोन करायचे आहेत, आणि माझ्या हातावर त्यांचा भरवसा राहिला की नाही, कुणास ठाऊक.

हे पत्र वहीतच राहील. पण बाबा, त्या दिवशीही एकच नव्हता. मी ताणलेला आधीचा ताका तेव्हा दारातल्या टेंपोत चढत होता, आणि मी तिकडेच बघत होते.