जिथला ग्राहक, तिथलं चलन

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं एकदाचं! आजपासून आपल्या दुकानाचं नेटवरचं पान ज्या देशातून कुणी उघडेल, त्या देशाच्या पैशात त्याला भाव दिसणार. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा पुडा — इथं तीनशे वीस रुपये, लंडनला दोन पौंड एकाहत्तर, मस्कतला १.४०० रियाल. रियालला टिंबापुढं तीन आकडे असतात हे आज कळलं. अव्वा म्हणाली, एवढंच? फुकट वाटतेस की काय! समजावता समजावता तव्यावरची भाकरी करपली.

पान बनवून देणारा शिवप्रसाद उमरग्याहून आला होता. म्हणाला, बाहेरची माणसं रुपये बघून गुणाकार करत बसतात आणि कंटाळून निघून जातात. मी तर लगेच स्टेटसला टाकलं — जिथला ग्राहक, तिथलं चलन! लोहाऱ्यात बसून मस्कतचे भाव. मिरवायला काय जातंय.

पहिली लिंक गौरीला. अव्वाचा लाडका लेक, माझा धाकटा भाऊ, दोन वर्षं मस्कतला आहे, त्याला नाही दाखवायचं तर कुणाला?

५ नोव्हेंबर

गौरीनं पानाचा फोटो पाठवला. "लई भारी, अक्का." फोटोत भाव — ३२० रुपये.

शिवप्रसादला फोनवर चांगलं झाडलं. पैसे पूर्ण घेतलेस, काम अर्धं! तो बिचारा म्हणाला, तपासतो.

६ नोव्हेंबर

पान बरोबर आहे. शाळेतली मैत्रीण महेश्वरी मस्कतलाच नर्स आहे, तिला उघडून बघायला सांगितलं. तिला रियालच दिसतात. शिवप्रसाद म्हणतो, तुमच्या भावाच्या फोनवर जागा लपवणारं ॲप असेल, तिकडं पुष्कळ जण ठेवतात.

असेल. असू दे, देवा.

८ नोव्हेंबर, शनिवार

अणदूरला जाऊन आलो, अव्वा आणि मी. गौरीचं लग्न पक्कं झालं. साखरपुडा तेवीसला. मुलीचे वडील चन्नबसप्पा आल्यागेल्याला सांगत होते, "मस्कतला हाय पोरगा." तीनदा तरी ऐकलं मी. प्रत्येक वेळी मला तो ३२० रुपयांचा फोटो आठवला.

मुलगी, मंजुषा, हुशार आहे. फार बोलली नाही. पण मला बाजूला घेऊन विचारलं, एवढ्या लांब पाठवता, भाकरी मोडत कशी नाही? ऐकून मान हलवली आणि पुड्याच्या कोपऱ्यात जाड कागद घालायचा उपाय सांगितला. मला सुचला नव्हता. आवडली मला. तिचं आणि गौरीचं रोज फोनवर बोलणं चालू आहे म्हणे.

९ नोव्हेंबर

अव्वा देवळात गेल्यावर गौरीला फोन केला. सरळ विचारलं, तुझ्या फोनवर ते जागा लपवणारं ॲप आहे का? त्याला कळलंच नाही मी कशाबद्दल बोलते आहे. मग रुपयांचं सांगितलं. तेव्हा म्हणाला,

"भिवंडीत हाय मी, अक्का. गोदामात."

कंपनी सात महिन्यांतच बुडाली. तो गेल्या वर्षीपासून इकडंच! व्हिडिओ कॉलवर कोऱ्या भिंतीला पाठ लावून अव्वाशी बोलायचा, मस्कतचं ऊन सांगायचा. मी म्हणाले, मंजुषाला आज सांग. तर रडायला लागला. तोंड कसं दावू म्हणाला. फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहे, व्हिसाचं काम चालू आहे, तोवर कळू देऊ नको.

माझ्या लग्नात सासरच्यांनी नवरा सरकारी शाळेत कायम असल्याचं सांगितलं होतं. कायम कसला, तासावर होता. आणि हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या खोटेपणापेक्षा नणंदेचा राग मला जास्त आला होता, कारण ती माझ्याशी गोड बोलायची. चार वर्षांत माहेरी परत आले.

आणि आज मी गौरीला "बरं" म्हणाले.

१२ नोव्हेंबर

आज ना उद्या आणखी कुणीतरी त्याला पान उघडायला लावेल. शिवप्रसादला सांगितलं, ते देशाप्रमाणं भाव दिसणं काढून टाक. सगळीकडं रुपये ठेव. तो म्हणाला, ताई, चाललेलं का मोडताय? मी म्हणाले, माझं दुकान, माझी मर्जी. स्टेटसला लिहिलं — तांत्रिक चुकीमुळं भाव आता फक्त रुपयांत.

१७ नोव्हेंबर

बाहेरून आठवड्यात दोनच पुडे गेले. महेश्वरीनं विचारलं, रियाल कुठं गेले? तिलाही खोटंच सांगितलं. एकदा सुरुवात झाली की जड जात नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

साखरपुडा झाला. गौरी "मस्कतहून" चार दिवसांच्या रजेवर आला. खजुराचा डबा आणला — मुंबईत घेतलेला, किमतीचा कागद नखानं खरवडलेला. चन्नबसप्पांनी तो डबा पाहुण्यांत फिरवला.

मंजुषाला कुंकू मी लावलं. माझ्या पाया पडली. "सुखात राहा" म्हणताना जीभ अडखळली. अव्वाला वाटलं मला माझे दिवस आठवले. बाईच्या जातीचं असंच, म्हणाली आणि पाठीवरून हात फिरवला. अव्वाला आज दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवताना पाहिलं. सांगू कशी?

२५ नोव्हेंबर

मंजुषाचा मेसेज, दुपारी.

"अक्का, तुमच्या पानाचा रुपयांतला फोटो त्यांनी मलाही पाठवला होता. तुमचं स्टेटस वाचलेलं, म्हणून मस्कतला रियाल दिसायला हवेत हे ठाऊक होतं; तेव्हा मला वाटलं, पान चुकलं असेल. मग तुम्ही ते भावांचं काढूनच टाकलं. पान चुकलेलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं. घरी मी अजून काही बोलले नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, तेवढं खरं सांगा."