खात्यात ‘नाही’ म्हणायचं नाही

५ मे १९८६, सोमवार
शनिवारी अंधेरीला ‘पॉझिटिव्ह ॲटिट्यूड’चा कोर्स केला. शेठने मलाच पाठवलं, म्हणजे मॅनेजरची खुर्ची माझीच. फक्त शाळांच्या छत्र्यांची ऑर्डर २४ तारखेला चारकोपच्या आमच्या कारखान्यातून बाहेर पडली पाहिजे. आजपासून माझ्या शिलाई खात्यात ‘नाही’ हा शब्द बंद.

६ मे
मुख्य अडचण (चुकलो, संधी): सहदेव आणि अंबादास हे दोन कारागीर दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण, खात्यातला एकुलता एक टेबलफॅन. हा आपल्याकडे वळवतो, तो आपल्याकडे. मधल्या मशिनवरची शकु दोघांचे निरोप पोचवते. असं कुठे टीमवर्क असतं? फॅन उचलून माझ्या केबिनमध्ये ठेवला. भांडणाचं मूळच संपलं. केबिन गार झाली हा भाग वेगळा.

८ मे
रोज हसतमुखाने हजेरी सुरू. सगळे हसतात. मी पाठ फिरवल्यावर जास्तच. झकास!
वसुधाने विचारलं, घरीसुद्धा ‘नाही’ बंद का? म्हटलं, अर्थात. लगेच तिने आपल्या आईला महिनाभर राहायला बोलावलं.

१४ मे
स्टोअरच्या नलिनीला विचारलं, छत्र्यांच्या मुठी आल्या का? ती “ना...” म्हणाली, मी नुसतं बघितलं. मग म्हणाली, “येतील, साहेब.” शब्द बदलला की माणूस बदलतो.

१६ मे
उकाडा भयंकर. मांडीवर काळं कापड घेऊन बसलेत बिचारे. पाच मिनिटं उभा राहिलो तर जीव घाबरा झाला. फॅन परत द्यावा का? पण मग पुन्हा भांडण. टीमसाठी मलाच वाऱ्यात बसणं भाग आहे.

१९ मे
शेठने विचारलं, ऑर्डर जाईल ना? छातीठोकपणे हो म्हटलं. खात्यातही विचारून घेतलं. अंबादास “होईल” म्हणाला, सहदेव “होतला”, शकु “होईलच”. एकमत! तरी मुठींचा विचार डोक्यात येतो. निगेटिव्ह विचार. हाकलला.

२४ मे, शनिवार
वाट लागली. टेम्पो दारात, छत्र्यांचे ढीग तयार, आणि एकीलाही मूठ नाही. मुठीवाल्याचा घाटकोपरचा कारखाना महिनाभर बंद आहे म्हणे. नलिनीवर ओरडलो, सांगितलं का नाहीस? ती रडत म्हणाली, “कसं सांगणार? तो शब्द तुम्हीच बंद केलात ना!” टेम्पो रिकामा गेला. फार भीती वाटते आहे. वसुधाला काही सांगितलं नाही.

२६ मे, सोमवार
सकाळी अख्खं खातं एकत्र शेठकडे गेलं. अंबादास म्हणाला म्हणे, “हा साहेब असेल तर आम्ही मशिनला हात लावणार नाय.” त्यावर सहदेव, “अंबादास सांगता तां खरां आसा.” दोन वर्षांनी त्याचं नाव घेतलं! माझी पद्धत लागू पडली. शेठला हे सांगायचं होतं, पण त्याने आधीच मला उद्यापासून गोडाऊनला टाकलं. तिथे मी एकटाच असणार.
दुपारी फॅन न्यायला दोघं मिळून आले. अंबादासने फॅन उचलला, सहदेवने वायर धरली. तो मधोमध लावून सगळे डबे उघडून बसले. बांगड्याचा वास केबिनपर्यंत आला. मी दार उघडं ठेवलं होतं. कुणीतरी “या साहेब, जेवायला” म्हणेल असं वाटत होतं.
डबा तसाच घरी आणला. वसुधाने विचारलं, जेवला नाहीत?
म्हटलं, नाही.