बिनपोळ्याच्या माश्या

प्रिय चिमणे,

तुझ्या बाबाची पाठ आता कशी आहे? आईचा खोकला थांबला का? धाकट्याने दाढ काढून घेतली की अजून गाल धरून बसलाय? आणि तू घरी आहेस तोवर पोटभर जेव. वसतिगृहात नुसत्या चहावर जगतेस, हे या आत्याला ठाऊक आहे.

मी ठणठणीत. विद्यापीठाच्या बागेत तीस वर्षं माती उकरली, आता मला काय धाड भरणार! ग्रंथालयामागच्या उतारावर यंदा भोपळा लावलाय. परवा तिथे तुझ्या गटातली मुलं मधमाश्या पाळायच्या पेटीसाठी जागा मोजायला आली, 'मधमाश्या वाचवा' छापलेले सदरे घालून. मी सहज विचारलं, माशी फुलात जाऊन करते काय? "मध नेते, मावशी." मग फळ कशाने धरतं? एक म्हणाला पाण्याने, दुसरी म्हणाली खताने. मी कपाळावर हात मारला आणि त्यांना वेलापाशी नेलं. चार मादी कळ्यांना मी उमलायच्या आधीच मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या. त्यांच्याखालची इवली फळं पिवळी पडून गळाली होती, उघड्या फुलांची मुठीएवढी झाली होती. माशीच्या अंगाला लागून नरफुलातला पराग मादीपर्यंत पोचलाच नाही, तर भोपळा धरणार कसा?

मग उतारावरची भोकं दाखवली. "मुंग्यांची ना?" अगं, मधमाश्यांच्याच कुळातल्या त्या! राणी नाही, पोळं नाही, मध नाही. एकेकटी आपलं बीळ खणते, आत परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते. पुढच्या वर्षाची पिढी आत्ता त्या मातीखाली निजली आहे. आणि पेटी नीट बसावी म्हणून तिच्यावर काँक्रीट ओतायचं! माश्या वाचवायला माश्याच गाडायच्या?

पेटीसाठी हा उतार मागणाऱ्या अर्जावर पहिली सही तुझी आहे, चिमणे. राग आला नाही असं खोटं कशाला लिहू? सोमवारी त्यावर उद्यान समितीची बैठक आहे. मुकादम म्हणतो, "बाई, तुम्ही माळीण, शिकलेल्यांच्या मधे पडू नका." मी पडणार. तुझ्या अर्जाविरुद्ध, तुझ्यासमोर उभी राहून बोलणार. नोकरीचे सहा महिने उरलेत, घालवायचे तर खुशाल घालवू देत. पण हे तुला तिथे खुर्चीत बसल्यावर कळू नये, आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आत्याची भीड धरून अर्ज मागे घेऊ नकोस. पटलं तर घे, नाही पटलं तर माझ्याशी भांड, चांगली कडाकडा भांड. फक्त सोमवारच्या आत दोन ओळी खरड.

तुझीच,
आत्या