दादासाठी केलेली प्रार्थना

धाकट्या,

येशूत सलाम. भावजयीचे गुडघे कसे आहेत? पोरीचा खोकला थांबला का? आणि तुझा गळा? तो कायमचा बसावा म्हणून मी महिनाभर रोज प्रार्थना करतोय.

आजारी आईवर वैतागून मी एकदा तिच्यापुढचं ताट भिरकावलं, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. इथे आलास तेव्हा तू ते भर उपासनेत, डोळे मिटून, हुंदके देत देवाला सांगितलंस, "प्रभू, माझ्या दादाला क्षमा कर, त्याने आईचं ताट फेकलं!" मीच रंधा मारलेल्या बाकांवर बसून सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली.

गेल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "सुतारदादा, आज प्रार्थना तुम्ही करा." या रविवारी माझी पाळी आहे हे ठाऊक होतं, आठवडाभर तयारी झालेली. आई जाण्याआधी अंथरुणाला खिळली त्या तीन महिन्यांत तू एकदाही फिरकला नाहीस, ते क्षमेच्या नावाखाली सगळ्यांपुढे काढणार होतो.

"हे प्रभू, माझ्या धाकट्या भावाला..." एवढं म्हटलं आणि स्वतःचा आवाज कानी पडला. अगदी तुझ्यासारखा, मधात बुडवलेला. मलाच शिसारी आली. थांबलो, आणि साध्या आवाजात म्हणालो, "प्रभू, ताट मी फेकलं. भावाला क्षमा करायची मात्र इच्छा होत नाही."

पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं.

इच्छा आजही होत नाही. हे पत्र टाकायचा धीर झालाच, तर लवकर उत्तर लिही. माझ्यासाठी प्रार्थना नको. आई तुला हाका मारत होती तेव्हा कुठे होतास, तेवढं लिही.

तुझा दादा