चंद्र मध्ये कोणी आणला, याच्या चौकशीबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
दृक्श्राव्य अध्यापन कक्ष,
माध्यमिक शिक्षण कार्यालय
(दुसरा मजला, झेरॉक्स यंत्रामागील खोली)

विषय : 'ग्रहणे' या चार मिनिटांच्या चित्रफितीतून माझी दुरुस्ती कोणी व कोणाच्या सांगण्यावरून कापली याची चौकशी होणे, तसेच इयत्ता नववी 'ब' माझ्याकडेच राहणेबाबत.

संदर्भ : १) 'प्रत्येक पाठ चार मिनिटांत' हे आपले परिपत्रक.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. त्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, मी या शाळेत गेली तेवीस वर्षे भूगोल शिकवीत आहे. या काळात माझ्याविरुद्ध एकही तक्रार आलेली नाही. आली असल्यास ती माझ्यापासून लपवण्यात आली आहे.

२. आपल्या परिपत्रकानुसार जून महिन्यात सर्व शिक्षकांच्या छोट्या चित्रफिती काढण्यात आल्या. आजारी व गैरहजर मुलांना पाठ बुडाल्याचे वाटू नये, उजळणी सोपी व्हावी, असा हेतू त्यात छापलेला होता. चांगला हेतू छापील असला की मी तो दोनदा वाचतो. चित्रीकरण नकाशांच्या खोलीत झाले. खिडक्या लावून घेतल्या, मागे हिरवे कापड टांगले आणि पृथ्वीचा गोल चकाकतो म्हणून उचलून कपाटावर ठेवला. भूगोलाच्या पाठातून पृथ्वी काढली, यावर मी हरकत घेतली. संगणक पाहणारे आमचे सहकारी, ज्यांना कापाकापीच्या हौसेमुळे सगळी शाळा 'कात्री' म्हणते, ते म्हणाले, "सर, गोल नंतर टाकू." तो अद्याप टाकलेला नाही. माझ्याकडून असे अठरा पाठ काढून घेतले. अठरा पाठ म्हणजे नववीचे अख्खे वर्ष होते, हे माझ्या लक्षात अठरावा पाठ संपल्यावर आले.

३. त्यानंतर एके दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत चहा पीत असताना भिंतीपलीकडून माझाच आवाज आला. मी तिकडे वाऱ्याची दिशा समजावून सांगत होतो. तेवढ्यात मुख्याध्यापिका बाईंनी दारातून डोकावून विचारले, "सर, तुमचा तास चालू आहे ना?" यावर हो म्हणावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, "तुमचे पाठ आता तयारच आहेत, तर पुढच्या सत्रात नकाशांची खोली सांभाळाल का? धूळ फार झालीय हो तिथे." त्या खोलीत धूळ मी नोकरीला लागलो तेव्हापासून आहे. ती नेमकी याच वर्षी डोळ्यांत कशी गेली, हा प्रश्न मी आपल्या विचारार्थ ठेवतो. कुठेतरी पाणी मुरते आहे.

४. येथे माझी शिकवण्याची पद्धत सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक तासाला मी फळ्यावर मुद्दाम एक चूक करतो. चूक केली की खडू खिशात टाकतो आणि गप्प उभा राहतो. जे मूल चूक पकडते त्याच्या हातात खडू देतो आणि दुरुस्ती त्यानेच फळ्यावर करायची असते. त्यामुळे माझ्या तासाला मुले डोळे उघडे ठेवून बसतात, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास नसतो. पृथ्वी सपाट दिसते म्हणून सपाट मानणाऱ्यांनी विश्वासच ठेवला होता आणि त्यांचे काय झाले ते आपण जाणता. दुसरा नियम असा की, वहीत किंवा चाचणीत ज्याची आकृती चुकेल त्याने ती बरोबर करून पाच वेळा काढावी आणि माझी सही घ्यावी. हे दोन्ही नियम कोणी कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण ते सर्वांना पाठ आहेत.

५. चित्रफितींतही मी हीच पद्धत ठेवली. 'ग्रहणे' या पाठात चंद्रग्रहण काढताना मी मुद्दाम सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये चंद्र काढला. वास्तविक तेव्हा पृथ्वी मध्ये असते, हे आपल्यासारख्या जाणकारास सांगणे नको. तरी लिहून ठेवतो, कारण न लिहिलेले पुढे माझ्यावरच उलटते. त्यानंतर मी अकरा सेकंद गप्प उभा राहिलो आणि मग स्वतः दुरुस्ती केली. हा पाठ नववी 'ब'ला दाखवला तेव्हा मी शाळेत नव्हतो. मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडले होते. प्रशिक्षणाचा विषय 'छोट्या चित्रफितींचा प्रभावी वापर' हा होता व आदेशावर आपल्याच कार्यालयाचा शिक्का होता. योगायोग मी मानत नाही. ग्रहणेसुद्धा गणिताने येतात. परत आल्यावर, ग्रहणे झालीच आहेत असे समजून मी पुढचा पाठ घेतला.

६. घटक चाचणीत चंद्रग्रहणाची आकृती दोन गुणांना विचारली गेली. उत्तरसूची बंद पाकिटात आली. ती चित्रफितीवरून तयार केलेली होती आणि तीत चंद्र मध्ये होता. वर ठळक अक्षरांत, 'सूचीबाहेर गुण देऊ नयेत.' मी तत्काळ चित्रफीत लावून पाहिली. माझे अकरा सेकंद गायब, दुरुस्ती गायब, चित्रफीत बरोबर चार मिनिटांची. कात्रींना विचारले असता ते म्हणाले, "सर, तुम्ही नुसतेच उभे होतात. मला वाटलं, पुढचं विसरलात. तुमची लाज राखली मी. आणि शेवटचा तुकडा चार मिनिटांच्या बाहेर जात होता. बाकीच्या सतरा पाठांत बसला, यात नाही बसला, त्याला मी काय करू?" हे ते अत्यंत शांतपणे बोलले. निरपराध माणूस इतका शांत नसतो.

७. हा सापळा आहे, हे मी ओळखले. जुना शिक्षक आज्ञा मोडतो का, एवढेच कोणाला तरी पाहायचे होते. मोडली की नकाशांची खोली तयार! म्हणून मी ठरवले की, सूचीप्रमाणे तंतोतंत तपासायचे आणि पुरावा गोळा करायचा. वर्गात सेहेचाळीस मुले आहेत. पंचेचाळीस जणांनी चंद्र मध्ये काढला होता, त्यांना दोन-दोन गुण दिले. एका मुलीने पृथ्वी मध्ये काढली होती, तिला शून्य दिले. पंचनामा होईपर्यंत जागचे काही हलवू नये, म्हणून वर्गातही दुरुस्ती केली नाही. सदर मुलगी तिसऱ्या बाकावर बसते. तिला बरोबर उत्तर कोणी व कोणत्या हेतूने पुरवले, याचीही चौकशी व्हावी. माझी पत्नी म्हणते, "अहो, साप साप म्हणून भुई किती धोपटाल? कार्यालयाला विचारण्याआधी त्या पोरीला तरी विचारा." तिच्या समाधानासाठी तेही करणार आहे.

८. महोदय, इथपर्यंतचा मजकूर मी सोमवारी लिहिला होता. आज गुरुवार आहे. वरील बराच भाग आता खोडावासा वाटतो. पण कापाकापीविरुद्ध तक्रार करणाऱ्याने स्वतःचाच अर्ज कापणे बरे नव्हे, म्हणून तो जसाच्या तसा ठेवला आहे.

९. काल मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला नकाशांच्या खोलीत बोलावले. उत्तर कोणी सांगितले, असे दरडावून विचारले. ती घाबरून म्हणाली, "कोणी नाही, सर." मी म्हणालो, खरे सांग, काही होणार नाही. तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही खडू खिशात टाकलात." मला समजेना. तेव्हा तिने मला, तेवीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला, नीट समजावून सांगितले. कात्रींनी माझे गप्प उभे राहणे कापले होते. पण त्याआधी माझा हात खिशाकडे गेला, तेवढा क्षण फितीत शिल्लक राहिला होता. पंचेचाळीस मुलांना तो दिसला नाही. मलाही दिसला नव्हता आणि मी ती फीत संशयाने सात वेळा पाहिली होती. मुलगी म्हणाली, "मग कळलं, यात चूक आहे. पण व्हिडिओसमोर हात वर करून काय उपयोग? म्हणून घरी आईच्या फोनवर परत परत लावून शोधली."

मी विचारले, मग शून्य मिळाले तेव्हा आली का नाहीस? ती खाली बघत म्हणाली, "तुम्हीच दिलं होतं ना, सर. मला वाटलं, या वेळची चूक माझीच असेल." आणि तिने वही उघडली. त्यात चंद्रग्रहणाच्या पाच आकृत्या होत्या. कंपासने गोल काढलेले, पेन्सिलीला टोक करून नावे घातलेली आणि पाचही आकृत्यांत चंद्र मध्ये. माझा नियमच तसा आहे. खाली माझी सही होती, तारखेसह. वह्यांचा गठ्ठा पुढे आला की मी पाने न पाहता सह्या करीत जातो, हे मला येथे कबूल करावे लागते. बरोबर काढलेली आकृती तिने माझ्यामुळे पाच वेळा चुकीची काढली होती आणि पाचवी पहिलीपेक्षा सुबक होती.

१०. त्या चाचणीपासून ही मुलगी माझ्या तासाला हात वर करीत नाही. हे माझ्या काल लक्षात आले. गेले पंधरा दिवस माझे लक्ष कात्री, बाई, बंद पाकिटे आणि आपले कार्यालय यांच्याकडे होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसे मी चोर शोधत दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो. कात्रींना बरोबर काय ते ठाऊक नव्हते, बाईंनाही नव्हते. मला ठाऊक होते. तरीही शून्य मी दिले, लाल शाईने, आणि ते देताना आपण फार हुशारी करतो आहोत असे मला वाटत होते. मला या गोष्टीची फार लाज वाटते आहे.

११. सबब परिच्छेद २ ते ७ मधील सर्व आरोप मागे घेत आहे. (धुळीबाबतचा प्रश्न तेवढा राहू द्यावा.) आता माझी विनंती एवढीच आहे :

(अ) सदर मुलीला तिचे दोन गुण मिळावेत. बाई म्हणतात, "यादी वर गेलीय सर, आता दोन गुणांसाठी पंचेचाळीस पालक दारात उभे करू का?" म्हणून आपल्या लेखी आदेशाची गरज आहे. बाकी मुलांचे गुण काढून घेऊ नयेत. शिक्षकाने सांगितलेले लिहिले, हा त्यांचा गुन्हा नाही.

(ब) बरोबर उत्तर ठाऊक असून चुकीचे तपासल्याबद्दल माझ्यावर नियमाप्रमाणे कारवाई व्हावी. ही कबुली आपल्या हाती देताच नववी 'ब' माझ्याकडून जाऊ शकते, हे मी जाणतो. ती जाऊ नये म्हणूनच हा अर्ज लिहायला घेतला होता. नकाशांची खोली दिल्यास मी ती झाडून घेईन.

(क) मात्र त्याआधी मला नववी 'ब'वर एक तास द्यावा. त्या तासाला मी फळ्यावर चंद्र पुन्हा मध्ये काढीन, खडू खिशात टाकीन आणि गप्प उभा राहीन. तिचा हात वर होईपर्यंत उभा राहीन. याला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही, तरी चार मिनिटांची अट लावू नये.

कळावे. उत्तर या वेळी खरोखरच पाठवावे.

आपला नम्र, आणि यापुढे शक्य तितका कमी संशयी,
(सही)
भूगोल शिक्षक, इयत्ता नववी 'ब' (तूर्त)
दिनांक : १९ सप्टेंबर

सोबत :
१) उत्तरपत्रिकेची छायाप्रत, शून्यासह.
२) वहीचे मूळ पान, पाच आकृत्या व माझी सही. हे पान फाडून देताना तिने विचारले, "सर, आता बरोबरवाली पण पाच वेळा काढू का?" मी नको म्हणालो. एकदाच काढ, पण फळ्यावर.