शनिवारचं आवतण

१३ जानेवारी, सोमवार
म्हणलं व्हतं का न्हाय मी! चार वर्षं सांगतोय — आण्णा, परवान्याचा कागद करा, न्हायतर मुळ्या काढाया डोंगरात जाणं सोडा. बाप ऐकतोय व्हय! काल सकाळी फॉरेस्टच्या गार्डानं धरलं. पोतडीत दोन किलो शतावरीची मुळी. मुळी जप्त, जबाबावर अंगठा. "बाबा, परत दिसलात तर केस करावी लागंल."

धरलं कसं, तर आण्णांच्याच रितीनं! शनिवारी सांजच्याला झाडापाशी हळद-तांदूळ ठेवायचे, म्हणायचं, "उद्या न्यायला येतो." आवतण न देता उपटली तर मुळीला गुण येत न्हाय म्हणं. गार्डानं तांदूळ बघितले अन् रविवारी तिथंच दबा धरून बसला.

१४ जानेवारी
संक्रांत. घरी फोन केला न्हाय.

१५ जानेवारी
इथं मध्य प्रदेशात, नीमचच्या जडीबुटीच्या गोदामात आज शतावरीच्या नव्वद गोण्या भरल्या. परवाना, बिल, शिक्का. काही आयुर्वेदाच्या कारखान्याला, काही हकिमांच्या दवाखान्याला. वैद्याला कागद, हकिमाला कागद. गावाकडं तामलवाडीत बाळंतिणीला फुकट देणाऱ्या आण्णांना न्हाय. मुळी तर तीच की!

१७ जानेवारी
आयचा फोन. गावातली विठाबाई सुनेला घेऊन आण्णांकडं आलती. बाळ अकरा दिवसांचं, दूध न्हाय. आण्णांनी पहिल्यांदाच कुणाला रिकाम्या हातानं लावून दिलं. तवापासून जेवले न्हाईत.

म्या आण्णांना म्हणलं, "सोलापूरच्या दुकानात मिळती, पावतीसकट. आणा, अन् लोकांकडनं चार पैशे घ्या."

"औषधाचे पैशे घेतले की गुण जातो, येड्या." मग — "अन् दुकानातल्या मुळीला आवतण कुणी दिलं आसंल रं?"

मला हसू आलं न्हाय.

१८ जानेवारी, शनिवार
सोलापूरच्या दुकानाचा माल उद्या निघणार. शतावरीच्या सहा गोण्या. सांजच्याला प्रत्येकीवर चिमूटभर हळद-तांदूळ ठेवले. मुकादम वरडला, "पूजा कर रहा है क्या? चूहे आएँगे!" तो गेल्यावर हळूच म्हणलं — उद्या न्यायला येतेत, चला. लाज वाटली. तरी म्हणलं.

२२ जानेवारी
माल सोलापूरला पोचला. आण्णांना सांगितलं — आवतण म्या दिलंय, शनिवारीच. तुमी फकस्त जाऊन आणा. पावती जपून ठेवा. कुणाकडनं काय घेऊ नका.

फोन तसाच चालू. आयला म्हणताना ऐकू आलं, "अगं, पोतडी कुठंय माझी?"

दोन किलो मुळीचे अकराशे ऐंशी रुपये घरी पाठवले.